राईच्या तोंडाशी ठेवलेला बाक

मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी सांगून टाकतो की मी एक जुना बाक आहे. लाकडाचा, बिनपाठीचा, पाच माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब. सहावं माणूसही बसू शकतं, पण मग पहिल्याला उठावं लागतं. अल ऐन शहर संपलं, शेवटचा पेट्रोल पंप मागे पडला, की डाव्या हाताला एक लहानसा कॅफेटेरिया लागतो. त्याच्या दाराबाहेर, समोरच्या झाडीकडे तोंड करून, मी आठ हिवाळे उभा आहे. झाडीत शिरण्याआधी शिकारी माझ्यावर बसून नाश्ता करतात. माझं सगळं आयुष्य या एका वाक्यात मावतं खरं, पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर नीट सांगतो.

माझा जन्म दुबईतल्या रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. त्याआधी मी खोका होतो. कुठल्याशा थंड देशातून एक भलंमोठं यंत्र माझ्या पोटात बसून आलं. यंत्राचं फार कौतुक झालं, लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढले आणि मला उचलून भिंतीशी टाकलं. काम झाल्यावर खोक्याला कोण विचारतो? पण तिथे सदानंद नावाचा चिपळूणकडचा सुतार होता. चांगलं लाकूड वाया गेलेलं त्याला बघवत नसे. जेवणाच्या सुट्टीत त्याने माझ्या फळ्या सोडवल्या, वाकडे खिळे ठोकून सरळ केले आणि चार दिवस रंधा मारला. माझ्या एका फळीवर 'ही बाजू वर' असं सांगणारा जाडजूड काळा बाण होता. सदानंदने नेमकी तीच फळी उलटी बसवली. तेव्हापासून तो बाण जमिनीकडे बोट दाखवून आहे आणि माझ्याही मनात वर काय आणि खाली काय याचा थोडा गोंधळ आहे.

सदानंदने मला विकलं नाही. त्याचा एक जुना खोलीसोबती होता, केरू. कुडाळजवळच्या एका गावचा, आणि हातात पराठ्याची कला असलेला. त्याला अल ऐनजवळच्या या कॅफेटेरियात नोकरी लागली, तेव्हा सदानंदने मला पिकअपमध्ये टाकून त्याच्याकडे पाठवून दिलं. केरूने मला दाराबाहेर ठेवलं, हलवून पाहिलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि म्हणाला, झकास. माझी त्याच्याशी ओळख झाली ती अशी.

तुम्ही माणसाला तोंडावरून ओळखता. माझ्याकडे माणसं जी बाजू करून बसतात, तिथे तोंड नसतं, म्हणून मी वजनावरून ओळखतो. घाईतला माणूस काठावर टेकतो. पहिल्यांदा शिकारीला निघालेला बसल्यावरही पाय हलवत राहतो. मोठ्या हुद्द्याचा माणूस बरोबर मधोमध बसतो आणि दुसऱ्याला जागा देताना एवढा हळू सरकतो, की फळीला कंटाळा येतो. एकदा बसलेला माणूस मी विसरत नाही.

आता वाळवंटात झाडी कुठून आली, असं तुम्ही विचाराल. मलाही तसंच वाटलं होतं. पण इथे घाफची झाडं आहेत, शेकड्यांनी, दाट, आणि त्यांची मुळं वाळूत एवढी खोल गेलेली, की वर आग ओतली तरी ती हिरवी. केरूने पहिल्याच दिवशी एक डहाळी न तोडता हातात धरून निरखून पाहिली आणि हात जोडले. घाफ म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला जिची पूजा करायची, ती इथे अख्खं रान करून उभी होती. मग केरूने तिला रान म्हणायचं सोडलं आणि राई म्हणायला लागला. त्याच्या गावी देवाची राई आहे, तिथली काटकीसुद्धा कुणी चुलीसाठी आणत नाही. इथेही तो पायातल्या चपला बाहेर काढून मगच त्या झाडांत पाऊल टाकत असे.

राईच्या पलीकडे, अर्ध्या तासाच्या चालीवर, कुंपण घातलेलं मोठं मैदान आहे. तिथे परवाना काढून ससाण्यांनी शिकार करता येते. शिकारी म्हणजे बहुतेक इथले वयस्कर अरब, आणि त्यांचे ससाणे सांभाळणारी माणसं. त्यांचं एक मला सुरुवातीला चमत्कारिक वाटे. शिकारी पोटभर नाश्ता करायचे, आणि ससाण्याला घासही द्यायचे नाहीत. भरल्या पोटाचा ससाणा उडतो आणि परत येत नाही म्हणे. म्हणून ते माझ्या टोकाला एक लहान काटा ठेवत, त्यावर ससाण्याला उभं करत, ग्रॅम मोजत आणि समाधानाने मान हलवत. ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी असे. त्याला काहीही दिसत नसे. तरी धुक्याच्या सकाळी मी पाहिलं आहे, माझ्यावर चार चार ससाणे बसलेले असत, आणि माणसं गप्पा मारत असताना ते चारही एकदम राईकडे माना वळवत. वाऱ्याची झुळूकही नसे तेव्हा. काही वेळ ते तसेच राहत, मग एकेक मान परत येई. माणसांच्या ते लक्षात येत नसे, कारण अंडी गरम असत.

धुकं इथे हिवाळ्यातच पडतं, पण पडतं तेव्हा हात समोर धरला तर बोटं दिसत नाहीत. अशा वेळी राई जवळ येते. ती येते म्हणजे झाडं चालत येतात असं मी म्हणत नाही, एवढा काही मी भोळा नाही. पण एरवी शंभर पावलांवर असलेला पानांचा आवाज माझ्या अगदी पायाशी येतो. मी स्वतः कधीकाळी झाड होतो, झाडाचा आवाज मला कळतो. अशा सकाळी येणारा आवाज दर वेळी झाडाचा असतोच असं नाही. मग मी माझे खिळे घट्ट धरून बसतो.

या शिकाऱ्यांत मला सगळ्यांत आवडायचा तो खमीस. सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा बारीक, उजवा गुडघा दुखरा असल्यामुळे सगळा भार डाव्या अंगावर टाकून बसणारा. बसण्याआधी तो हाताने माझ्यावरचं दव पुसायचा आणि उठताना मला दोन थापा मारायचा. आठ वर्षांत एवढी माणसं बसली, पण बाकाला उठताना कुणी विचारलं असेल तर या म्हाताऱ्याने. त्याची हिंदी जुन्या काळच्या मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेली होती. केरू त्याला बाबा म्हणे. त्याच्या ससाण्यांची देखभाल अक्रम करायचा, पाकिस्तानातल्या पंजाबचा, आडव्या हाडाचा आणि हळव्या मनाचा.

खमीसला साखरेचा आजार होता. सकाळी पोटात सुई टोचून घ्यायची, लगेच खायचं, आणि खिशात खजूर ठेवायचे. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला. हे सगळं तो माझ्यावर बसूनच करायचा. खजूर, गोळ्या आणि फोन एका निळ्या कापडी पिशवीत असत. अक्रम गाडी घेऊन रस्त्याने वळसा घालून मैदानावर जाई, पण खमीस मात्र ससाणा हातावर घेऊन राईतून चालत जाई. तो म्हणायचा, गाडीतून गेलेला मैदानावर पोचतो, शिकारीला चालत जावं लागतं. गुडघ्याचं नाव काढलेलं त्याला खपत नसे.

केरूने आपल्या गावचे शिकारीचे नियम इथे आणले होते. कोकणात शिकारीला निघालेल्या माणसाला कुठे चाललास असं विचारत नाहीत. आणि एकदा तो रानाच्या दिशेने वळला, की काही झालं तरी मागून हाक मारत नाहीत. मागून हाक मारली की शिकार उलटते, शिकारीच सापडतो. शिकाऱ्यांना केरूचे हे नियम आवडायचे. ज्याच्या हातचा पराठा खायचा, त्याचे कायदे पाळायचे, असं खमीस हसून म्हणे, आणि तो कधी मागे वळून पाहत नसे.

आता दोन हिवाळ्यांपूर्वीची ती सकाळ सांगतो. सांगताना माझ्या फळ्या आकसतात, पण सांगतो.

त्या दिवशी बाकीचे शिकारी आले नव्हते. खमीस आणि अक्रम दोघेच. आकाश स्वच्छ होतं. खमीसने सुई घेतली, पराठा समोर आला, पण ससाणा सारखा फडफडत होता. मोठी, करड्या पाठीची मादी होती ती, आणि त्या दिवशी तिचं वजन अगदी हवं तेवढं भरलं होतं. खमीसला राहवेना. त्याने अर्धा पराठा खाल्ला, उरलेला बाजूला सारला. केरूने पूर्ण खाऊन जायला सांगितलं, तर म्हणाला, खजूर वाटेत खातो. अक्रम गाडीकडे गेला. खमीसने मला दोन थापा मारल्या, हातमोजा चढवला आणि ससाणा घेऊन चालू लागला. निळी पिशवी माझ्यावर राहिली.

केरू कप उचलायला आला, तेव्हा त्याला ती दिसली. खमीस तीस पावलंही गेला नव्हता. केरूने तोंड उघडलं. त्याचा श्वास आत गेला, छाती भरली, हे मला कळलं, कारण त्याचा एक हात माझ्यावर टेकलेला होता. आणि मग त्याने तोंड मिटलं. खमीस राईकडे वळलेला होता. मागून हाक मारायची नव्हती. धावत जाऊन गाठावं, तर तव्यावर पराठे होते आणि रस्त्यावर एक पाण्याचा टँकर थांबून हॉर्न वाजवत होता. केरूने मनाशी हिशोब केला, अक्रमच्या गाडीत पाणी आहे, खाणं आहे, अर्ध्या तासाचा तर प्रश्न. त्याने पिशवी उचलून पुन्हा माझ्यावर नीट ठेवली. टँकरवाल्याचा चहा द्यायला तो आत गेला.

टँकर गेला आणि धुकं आलं. राईतून निघून ते रस्त्याकडे सरकत आलं, एरवी ते रस्त्याकडून राईत जातं. आधी झाडं गेली, मग विजेचा खांब, मग पायरी. कॅफेटेरियाचा दिवा लांब कुठेतरी असल्यासारखा पिवळा दिसू लागला. गाड्यांचा आवाज बंद झाला. केरू बाहेर येऊन माझ्यावर बसला, पिशवीशेजारी. तो सारखा पाय हलवत होता.

तेवढ्यात हाक आली.

"केरू."

एकदाच. राईच्या आतून. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. ओळखीच्या माणसाने घरातल्या घरात बोलवावं तशी. आवाज खमीसचा होता. निदान खमीससारखा होता. केरूचे हलणारे पाय थांबले आणि त्याचं वजन मला दुप्पट वाटलं.

तुम्हाला वाटेल, ओळखीच्या माणसाने हाक मारली तर ओ द्यायला काय हरकत? पण केरूच्या गावाकडे हाकामारी म्हणून एक भूत सांगतात. ती ओळखीच्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन हाक मारते, दाराशी नाहीतर रानाच्या कडेला. मात्र तिला एकदाच हाक मारता येते. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा मारील, तिसऱ्यांदा मारील. म्हणून तिकडे लहान मुलांना बोलायला लागल्यापासून शिकवतात, की तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. केरूच्या चुलत्याने एकदा दिली होती म्हणे. त्याचं पुढे काय झालं, ते केरू कधी पूर्ण सांगत नसे.

केरू दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागला. ती येईना. त्याने गावी फोन लावला, बायकोला, आशाला. तिकडे उजाडून बराच वेळ झाला होता, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"एक हाक आली," केरू म्हणाला. "राईतून. बाबांच्या आवाजात."

"ओ दिलीत?"

"नाही."

"बरं केलंत. आता दुसरी आल्याशिवाय तोंड उघडू नका. फोन चालूच ठेवा."

दोघं फोन कानाला लावून बसून राहिले. तिकडे ती, इकडे तो. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला ओ देता येत नाही. पण त्या वेळी माझ्या प्रत्येक फळीला वाटत होतं, की कुणीतरी द्यावी.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग निळी पिशवी माझ्यावर थरथरू लागली. आतला फोन वाजत होता. केरूने दचकून तो बाहेर काढला. अक्रमचा फोन होता. बाबा अजून मैदानावर पोचले नाहीत, धुक्यामुळे परत फिरून तुझ्याकडे आले का, असं तो विचारत होता. केरूने पुन्हा पिशवीत हात घातला, खजूर त्याच्या हाताला लागले आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. आशाचा फोन तसाच माझ्यावर टाकून, तवा तसाच पेटता ठेवून, तो राईत पळाला. चपला काढायचं त्याला सुचलं नाही. आत गेल्यावर तो ओरडत होता, बाबा, बाबा, एकदा नाही, शंभरदा. माझ्यावर पडलेल्या फोनमधून आशा विचारत राहिली, काय झालं, अहो, काय झालं. तिलाही कुणी उत्तर दिलं नाही.

राईत पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. नंतर माझ्यावर बसून लोक बोलले, त्यावरून सांगतो. ससाण्याच्या शेपटीला एक बारीकसं यंत्र बांधलेलं असतं, ससाणा हरवला तर शोधता यावा म्हणून. अक्रमने त्याची खूण पकडली आणि पलीकडच्या बाजूने आत शिरला. एका जुन्या घाफच्या बुंध्याला टेकून खमीस बसला होता. ससाणा त्याच्या हातमोज्यावर होता, टोपी घातलेला, अजिबात न हललेला. केरू तिथे पोचला तेव्हा अक्रम म्हाताऱ्याचे हात चोळत होता. त्या चोळण्याचा काही उपयोग उरला नव्हता. रुग्णवाहिका आली, डॉक्टर म्हणाले, साखर उतरली. वीस मिनिटं आधी तोंडात काही गोड पडलं असतं तर वाचले असते, असंही म्हणाले. डॉक्टर सहज बोलून गेले. केरू मागे उभा होता.

पुढचे दिवस वाईट गेले. केरू काम करायचा, पराठे लाटायचा, पण माझ्यावर बसायचा नाही. एक दिवस अक्रम आला आणि त्याला बळेच बसवलं. केरूने त्याला हाकेचं सांगितलं. अक्रमने फोनवरच्या नकाशात अंतर मोजून ठेवलं होतं, झाडापासून इथपर्यंत दीड किलोमीटर. तो पुन्हा पुन्हा समजावत होता, की एवढ्या लांबून धडधाकट माणसाची किंकाळीसुद्धा यायची नाही, मग बसल्या जागी झोपी जाणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज कुठून येईल? तुझ्या मनाने हाक मारली भाई, तुझ्या मनाने. सगळे हेच म्हणाले. आशाही फोनवर हेच म्हणू लागली. केरू मान हलवायचा. पण मी तर ऐकली होती ती हाक. माझं मन केरूचं मन नाही.

महिनाभराने एक पांढरी गाडी येऊन थांबली. सुमैय्या उतरली, खमीसची नात. अल ऐनच्याच कॉलेजात शिकते. लहान असताना ती आजोबांबरोबर येई आणि माझ्यावर उभी राहून ससाण्यांना नवी नवी नावं देत असे. आता मोठी झाली होती. ती सरळ येऊन खमीसच्या जागेवर बसली. कुणी तिला जागा दाखवली नव्हती. केरू दारात पीठ लागलेले हात घेऊन उभा राहिला. तिची हिंदी घरच्या कामवाल्या बाईकडून शिकलेली, मोडकी पण सरळ.

आजोबांना ती यद्दी म्हणे. तिने विचारलं, "केरू अंकल, यद्दी ने आवाज़ दिया था?"

अक्रमने तिला काही सांगितलं असावं. केरूला सुटायला वाट होती. दीड किलोमीटर होते, धुकं होतं, सगळ्या जगाने त्याच्या हातात उत्तर देऊन ठेवलं होतं. मला वाटलं, हा तेच म्हणेल, आणि म्हणाला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"दिया था," केरू म्हणाला. "मेरा नाम लेके. एक बार."

"फिर?"

"मैंने जवाब नहीं दिया. हमारे गाँव में ऐसा है. मैं दूसरी बार का राह देखता रहा."

सुमैय्याने समोरच्या झाडांकडे पाहिलं. तिचा भार माझ्यावर जरा एका बाजूला गेला, डावीकडे, दुखरा गुडघा नसतानाही.

"वो दूसरी बार कभी नहीं बुलाते थे," ती म्हणाली. "घर में भी नहीं. बोलते थे, जिसको आना है, एक बार में आएगा."

केरू मटकन खाली बसला, जमिनीवर, माझ्या पायाशी. तोंड हातांत धरलं, पीठ केसांना लागलं. एका गावात तीन हाकांशिवाय ओ देत नाहीत, आणि एका घरात एकीहून जास्त हाक मारत नाहीत. केरू आणि खमीस, दोघांनीही आपापल्या वडीलधाऱ्यांचं ऐकलं होतं, दोघंही भली माणसं. मध्ये पडून राहिलेले ते खजूर आठवून मला माझं लाकूड नकोसं झालं.

सुमैय्याने त्याला रागाचं काही म्हटलं नाही, आणि माफ केलं असंही म्हणाली नाही. ती उठली आणि राईकडे चालू लागली. तिला ते झाड पाहायचं होतं. एकटीच निघाली. ऊन पडलेलं होतं, पण राईत शिरताना ती पहिल्या झाडांमागे गेली आणि दिसेनाशी झाली.

केरू ताडकन उभा राहिला. त्याची छाती भरून आली, त्या सकाळसारखीच. पन्नास वर्षं पाळलेला नियम त्याच्या गळ्यात अडकला होता, आणि तो त्याने थुंकून टाकला. त्याने मागून हाक मारली, पूर्ण आवाजात.

"सुमैय्या बेटी."

"लब्बेह," आतून उत्तर आलं, लगेच. लब्बेह म्हणजे यांच्याकडची ओ.

तो थांबला नाही. दर थोड्या वेळाने हाक मारत राहिला, आणि ती दर वेळी पहिल्याच हाकेला लब्बेह म्हणत राहिली, लांब, आणखी लांब, मग वाऱ्याइतकी बारीक, अक्रमच्या हिशोबाने ऐकूच येऊ नये एवढ्या लांबून, आणि मग परत फिरून जवळ. पाऊण तास हे चाललं होतं. तव्यावरचा पराठा कोळसा झाला. गिऱ्हाइकं आली आणि काही न विचारता उभी राहिली. ती झाडांतून बाहेर आली तेव्हा केरूचा घसा बसला होता. तिने त्याच्या हातून चहा घेतला आणि गाडीत बसून गेली.

तेव्हापासून इथला नियम बदलला. शिकारी नाश्ता करून राईकडे वळले, की केरू प्रत्येकाला नावाने मागून हाक मारतो, आणि प्रत्येकाने वळून ओ द्यायची. ज्याच्या खिशात खजूर नसतील त्याला तो जाऊ देत नाही. म्हातारे कुरकुर करतात, पण ओ देतात. आशाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, गावीही सांगून बघते, कुणी ऐकलं तर.

मीही आता थकलो आहे. एक पाय डुगडुगतो, फळीला भेग गेली आहे, मालकाने प्लास्टिकच्या खुर्च्या पाहून ठेवल्या आहेत. अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला तेल लावा, रंग द्या, अडगळीत टाकू नका. मला तसलं काही नको. पण एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो.

त्या सकाळी हाक येऊन गेली. केरू आशाला फोन लावून बसला होता. पिशवी अजून थरथरली नव्हती. तेव्हा माझ्यावर आणखी एक माणूस येऊन बसला. पावलांचा आवाज झाला नाही. आधी माझ्यावरचं दव कुणीतरी हाताने पुसलं, आणि मग भार पडला, डाव्या अंगावर, केरूच्या अगदी शेजारी. केरूला कळलं नाही. रागावलेला माणूस बाकावर कसा आदळतो, हे मला पक्कं ठाऊक आहे, खिळ्यापर्यंत कळ जाते. हा तसा बसला नव्हता. अंग सैल सोडून, निवांत, पोटभर जेवल्यावर बसावं तसा तो बसला, आणि केरूच्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. थोड्या वेळाने मला दोन थापा बसल्या आणि भार उतरला.

बाबा रागावले नव्हते, एवढंच मला केरूला सांगायचं आहे. तो रोज पहाटे माझ्यावर हात टेकून राईकडे बघतो, आणि मला रोज सांगायचं असतं. मला तोंड नाही. मित्रांनो, तुम्हाला आहे. कुणी एकदाच हाक मारली, तर दुसरीची वाट पाहू नका.